अर्धं गाणं आक्कांचं

"वहिनी, जरा हिकडं या की. कुणाला सांगू नका, पन आक्का रात्री दहानंतर कुठल्यातरी परक्या बाप्याबरोबर गात्यात."

कोल्हापूरच्या राजारामपुरीत बातमी अशीच निघते. 'कुणाला सांगू नका' हे आधी ठरतं, मग ती एकेक गल्ली करत जनता बाजार चौकात येते आणि दिवेलागणीपर्यंत टाकाळ्याला पोचते. सांगणाऱ्या होत्या मागच्या बंगल्यातल्या काकू. आमच्या दोन कंपाउंडांच्या मधली भिंत कमरेएवढी. तिच्यावर त्यांचं सांडग्यांचं ताट वाळत होतं आणि माझी मेथीची जुडी निवडायची राहिली होती. म्हणजे दोघींनाही उभं राहायला कारण होतं.

"परका म्हणजे कुठला?" मी विचारलं.

"अमेरिकेतला, म्हनं. मी माज्या कानानं ऐकलं. एक ओळ आक्का म्हनत्यात, एक ओळ त्यो. आनि गानी कसली, तर जुनी पिरमाची! या वयात?"

आक्का म्हणजे आमच्या डाव्या हाताच्या शेजारीण. आयुष्यभर शाळेत संगीत शिकवलं, साठी ओलांडून बरीच वर्षं झाली. गळा अजून शाबूत, कान त्याहून शाबूत. त्या कढीपत्ता तोडायच्या निमित्ताने आल्याच.

"काय गं, माझंच चाललंय न्हवं?"

काकू सांडगे उलटे करायला लागल्या. मी मात्र विचारून टाकलं.

"अगं, स्म्यूल म्हणून ॲप आहे. फोनवर गातो मी. दोघांचं गाणं घ्यायचं, बाईचा भाग आपण गायचा आणि बाप्याचा मोकळा सोडायचा. मग जगात ज्याला वाटेल तो येतो आणि त्याचा भाग भरून जातो. तो गातो तेव्हा मी घोरत असतो."

"म्हंजे एकत्र गातच न्हाईसा?" काकूंचा चेहरा पडला.

"कुठलं एकत्र! आणि अमेरिकेतला एक आहे खरा, पण तो अंतऱ्याला घाई करतो. तू रात्री ऐकलास तो इचलकरंजीचा."

"इचलकरंजी?" काकू म्हणाल्या. "मग त्यात सांगन्यासारखं काय ऱ्हायलं?"

बातमीची किंमत एका वाक्यात उतरली. अमेरिकेचा बाप्या टाकाळ्यापर्यंत पोचला असता, इचलकरंजीचा बागल चौकही ओलांडणार नाही. पण आक्का आता थांबणार नव्हत्या. तो गृहस्थ सूत गिरणीच्या हिशेबातून निवृत्त झालेला, त्याला त्यांनी कधी पाहिलेलं नाही, आणि त्याच्याइतका जागेवर 'सम' घेणारा माणूस त्यांना आयुष्यात फार भेटलेला नाही, हे सगळं त्यांनी सांगितलं.

"पन मी म्हंते," काकूंचा मुद्दा संपला नव्हता, "येवडं हाय तर व्हिडिओ कॉल लावून समोरासमोरच गावा की."

"गणपतीत न्यू जर्सीतल्या पोराबरोबर कॉलवर आरती म्हटलीस ना गेल्या साली? काय झालं?"

काय झालं ते आख्ख्या गल्लीने ऐकलं होतं. काकू तिसऱ्या कडव्यात, मुलगा दुसऱ्यात, आणि टाळ्या दोघांच्याही नाहीत अशा तिसऱ्याच ठेक्यात.

इथे आमचा धाकटा गाडी पुसता पुसता मध्ये पडला. तो तबला वाजवतो आणि कॉम्प्युटरचं शिकतो, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं त्याला कळतं. म्हणाला, काचेच्या केबलमधून उजेड सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. कोल्हापूर ते न्यू जर्सी अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. म्हणजे वाटेत एकही यंत्र आडवं आलं नाही तरी नुसतं तिथं पोचायला सेकंदाचा सोळावा भाग जातो, परत यायला तेवढाच. आणि लयीत वाजवणाऱ्यांना सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंतचा उशीर कसाबसा पेलतो. त्यापुढे दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात आणि लय खाली खाली जाते.

"तिसावा भाग म्हणजे किती, ते सांग," आक्का म्हणाल्या.

"आगमनाच्या मिरवणुकीत मेनरोडवर ताशेवाला तुमच्यापासून दहा मीटर पुढं असला, तर त्याचा आवाज तुमच्यापर्यंत यायला जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढा. त्याहून पथक लांबलं की मागचे ढोल मागं पडणारच."

हे काकूंना लगेच पटलं. राजारामपुरीच्या माणसाला गणपती आगमनाचा दाखला दिला की विज्ञान पटतं.

पण धाकट्याने पुढे जे सांगितलं त्याने आक्काच हरखल्या. निंजॅम नावाची एक प्रणाली आहे, २००५ पासूनची. तिने हा उशीर कमी करायचा नादच सोडला. उलट तो मुद्दाम वाढवला. तुम्ही आत्ता वाजवता ते दुसऱ्याला आत्ता ऐकू येतच नाही, पुढच्या फेरीत ऐकू येतं. सोळा मात्रांची फेरी ठरवली तर प्रत्येकाला बाकीच्यांचं मागचं आवर्तन ऐकू येतं आणि त्याच्यावर तो आपलं चालू आवर्तन वाजवतो.

"म्हणजे लेहरा धरला तर काहीच बिघडत नाही!" आक्का म्हणाल्या. "लेहरा प्रत्येक आवर्तनात तोच. मागचा ऐकू आला काय आणि आत्ताचा काय, सम तिथंच पडते. आणि सवाल-जवाबाला तर उत्तर पुढच्याच आवर्तनात द्यायचं असतं. ज्या परदेशी माणसानं हे काढलं त्याला त्रितालाचा वर्ग लावायची गरज नव्हती."

जवळच्या गावांसाठी जॅम्युलस, सोनोबस अशी फुकट साधनंही आहेत. पुण्या-मुंबईच्या मित्राबरोबर नेट चांगलं असलं आणि कानात वायरवाला हेडफोन असला तर बऱ्यापैकी जमतं. बिनवायरीचे हेडफोन मात्र नकोत, त्यांचा स्वतःचाच उशीर एवढा असतो की न्यू जर्सी बरी.

"तुमचं गान्याचं तरी बरं," काकू म्हणाल्या. "आमचा नातू मागं तीन दिवस फोनवर ठिपकं काढत बसला हुता. एक ठिपका काडायचा आनि पाच मिनिटं बसायचं. मी म्हटलं, शेनसडा घातला असतास तर अंगन तरी निगालं असतं."

तो कशात अडकला होता ते धाकट्याला माहीत होतं. रेडिटने २०१७ च्या एप्रिल महिन्यात 'प्लेस' नावाचा खेळ मांडला. हजार बाय हजार ठिपक्यांचा कोरा फलक, सगळ्या जगाला एकच. एकाने एक ठिपका ठेवायचा, मग काही मिनिटं थांबायचं. एकट्याने काहीच होत नाही, दुसऱ्याने तुमचा ठिपका पुसला तर तक्रार नाही. बहात्तर तासांत दहा लाखांहून जास्त लोकांनी दीड कोटीच्या वर ठिपके ठेवले. पुढे २०२२ आणि २०२३ मध्ये तोच खेळ पुन्हा झाला.

"त्यात खरी गंमत झाली ती बांधावरून," तो म्हणाला. "फ्रान्सवाल्यांनी आपला झेंडा काढला. जर्मनीवाल्यांचा झेंडा वाढत वाढत त्यांच्या हद्दीत शिरला. दोन्हीकडचे लोक रात्रंदिवस एकमेकांचे ठिपके पुसत होते. शेवटी जिथं दोन्ही झेंडे एकमेकांवर आले होते, त्या तुकड्यावर युरोपीय संघाचा झेंडा निघाला आणि भांडण मिटलं."

काकू क्षणभर गप्प झाल्या. "आमच्यात बोळासाटी मोजनी आनायला लागली," त्या म्हणाल्या. "दोनदा."

माझ्या मते या सगळ्या प्रकारांचं मर्म तिथंच आहे. लोक समजतात की ऑनलाइन मिळून काही करणं म्हणजे सगळ्यांनी एका वेळी एका ठिकाणी जमणं. तसं ते नाहीच. आपला भाग नेमका करायचा आणि दुसऱ्याची जागा मोकळी ठेवायची, एवढंच त्यात असतं. आक्का बाप्याची ओळ मोकळी सोडतात. तबलजी एक आवर्तन थांबतो. ठिपकेवाला पाच मिनिटं हात आवरतो. ज्याला सगळंच आपण व्यापायचं असतं, त्याचा तिथं निभाव लागत नाही.

एरिक व्हिटेकर या अमेरिकन संगीतकाराची गोष्ट यासाठीच सांगण्यासारखी. एका मुलीने त्याच्या रचनेतला फक्त आपल्या पट्टीचा भाग घरी गाऊन त्याला व्हिडिओवर पाठवला. बाकीच्या पट्ट्या रिकाम्याच. त्याला वाटलं, या रिकाम्या जागा दुसऱ्या कुणी दुसऱ्या घरी बसून भरल्या तर? २०१० मध्ये १२ देशांतल्या १८५ जणांचा समूहस्वर तयार झाला. प्रत्येकाने घरी एकट्याने गायलं, समोर व्हिटेकरचा हात हलताना दिसत होता, आणि नंतर सगळं जुळवलं गेलं. दहा वर्षांनी, टाळेबंदीच्या सालात, तोच आकडा १२९ देशांतल्या १७,५७२ गायकांवर गेला.

"आपल्याकडचं काय ते सांग," आक्का म्हणाल्या. त्यांना परदेशाचं कौतुक एका मर्यादेपलीकडे सोसत नाही.

आपल्याकडचं मराठी अभिमानगीत आहे की. खासगी रेडिओवाले मराठी गाणी लावायला तयार नव्हते, ही सल मनात धरून कौशल इनामदारांनी सुरेश भटांच्या कवितेला चाल लावली. कंपनी मागे नव्हती. लोकांकडून माणशी पाचशे रुपये गोळा झाले. शंभराहून जास्त नावाजलेल्या गायकांनी गाण्यातले छोटे छोटे तुकडे गायले आणि समूहस्वरात साडेतीनशेच्या घरात नवी पोरं-पोरी होती. २७ फेब्रुवारी २०१० रोजी, मराठी भाषा दिनाला, ठाण्यात ते लोकांसमोर आलं. एरवी अख्खी मैफल गाजवणाऱ्यांच्या वाट्याला तिथं एखादी ओळ आली, आणि त्यांनी ती गाऊन पुढच्याला जागा दिली. गाणं मोठं झालं ते त्यामुळे.

"आणि त्याच्याही आधीचं?" आक्का आता शाळेतल्या सुरात होत्या. "८ जुलै १९२१. मुंबईत 'संयुक्त मानापमान' नाटक झालं. आपले केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोघांच्या कंपन्या एकमेकींच्या स्पर्धेतल्या, दोघंही गादीवर बसलेले. पण टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगमंचावर आले. ज्याला आपल्या तानेपुढं दुसऱ्याची तान ऐकवत नाही, त्याला हे जमलं असतं? त्याच सालच्या ऑक्टोबरात केशवराव गेले. झाला तो प्रयोग झाला म्हणून आपण आज त्याचं बोलतो."

गावच असं आहे. इथल्या पेंटरांनी नाटकाचे पडदे रंगवले, बाबूराव पेंटरांनी घरच्या घरी कॅमेरा उभा करून सिनेमा काढला, आणि आमच्या सातव्या गल्लीत चंद्रकांत मांढरेंचं कलासंग्रहालय आहे. पडद्यावरचा नट घरी येऊन पावडर शेडिंगची चित्रं करायचा. एका माणसाने एकच कला धरून एकट्याने बसावं, ही रीत कोल्हापूरची नव्हेच. त्यामुळे इथल्या मुलांनी स्केचच्या वहीतलं पान जगासमोर मांडलं, किंवा रविवारी पंचगंगेच्या घाटावर बसून काढलेलं चित्र त्याच दिवशी इंटरनेटवर दुसऱ्या देशातल्या घाटाच्या चित्राशेजारी लागलं, तर त्यात नवल वाटायचं कारण नाही.

"पन पैशे कुनाला मिळत्यात?" काकूंनी अखेर कोल्हापुरी प्रश्न विचारला.

हा प्रश्न विचारलाच पाहिजे. ॲरन कोब्लिन नावाच्या कलावंताने २००६ मध्ये इंटरनेटवरच्या अनोळखी लोकांकडून दहा हजार मेंढ्या काढून घेतल्या. डावीकडे तोंड केलेली एक मेंढी काढा, दोन सेंट घ्या. पुढे त्याच मेंढ्यांची टपालासारखी तिकिटं छापून विकायला ठेवली गेली. त्यावर काढणाऱ्यांतल्याच काहींनी विचारलं, हे कधी ठरलं होतं? कोब्लिनने ते काम मुद्दाम असे प्रश्न पडावेत म्हणूनच केलं होतं, पण प्रश्न खोटे नव्हते.

"धनगर बी दोन पैशाला मेंढरू देनार न्हाई," काकू म्हणाल्या, आणि या विषयावर याहून नेमकं मी कुठे ऐकलेलं नाही.

आक्कांचे यावर नियम ठरलेले आहेत, ते इथे लिहून ठेवते. पहिला, आवाज किंवा चित्र देण्याआधी विचारायचं: हे कुठं लागणार, विकलं जाणार का, आणि माझं नाव कुठं येणार. दुसरा, ॲपमध्ये गायलेलं सिनेमाचं गाणं ॲपमध्येच ठेवायचं. ते उचलून आपल्या चॅनलवर टाकलं तर मूळ मालक हक्क सांगू शकतो. तिसरा, पट्टी आधी ठरवायची. काळी चारमध्ये गाणारीने काळी एकवाल्याची जागा मोकळी सोडून उपयोग नाही. चौथा, कोरा आवाज पाठवायचा. त्यावर घुमारा चढवून पाठवला की जोडणाऱ्याच्या हातात काही राहत नाही. सुरुवातीला एक टाळी वाजवून ठेवली तर त्याला सगळ्यांचे तुकडे त्या टाळीवर जुळवता येतात. पाचवा, कुकर बंद करून खोलीत गोधड्या टांगून गायचं. आणि सहावा त्या सगळ्यात मोठा मानतात: जो बसून जोडतो त्याचं नाव विसरायचं नाही. व्हिटेकरचं नाव जगाला ठाऊक झालं. पहिल्या समूहस्वराचे तुकडे जुळवायला आपणहून पुढे आलेला स्कॉट हेन्स किती जणांना माहीत आहे?

"तुमाला समद्यास्नी काय ना काय येतंय," काकू ताट उचलत म्हणाल्या. "मला काय येतंय? आईबरोबर जात्यावर बसलो तेवडंच."

"म्हणजे ओव्या येतात?"

"यीनात तर! कागलच्या बाजूचं आमचं घर. आई एक ओळ म्हनायची, मी दुसरी. दम लागला की तिनं उचलायची."

आक्कांनी कढीपत्ता भिंतीवरच ठेवला. "अगं, मग तू आमच्या सगळ्यांच्या आधी सुरू केलंस की."

खरंच होतं ते. आणि काकूंच्या त्या ओव्यांसारख्या ओव्यांना आज इंटरनेटवर मोठं घर आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी १९८० नंतरच्या काळात खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. बर्नार्ड बेल या संगीताच्या अभ्यासकाने पुढे ध्वनिमुद्रणाची बाजू उचलली. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त बाया आणि एक लाखाच्या वर ओव्या असा तो संग्रह आहे. २०१७ पासून 'पारी'ने, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने, त्यातल्या ओव्या आवाजासकट जगासमोर मांडल्या. कुणी ऐकून उतरवल्या, कुणी भाषांतर केलं, कुणी पुन्हा त्या गावात जाऊन गाणारीला शोधलं. आणि प्रत्येक ओवीखाली गाणारीचं नाव आणि गाव असतं. पिढ्यान् पिढ्या जी गाणी 'बायकांची' म्हणून बिननावाची राहिली, त्यांना तिथं नाव मिळालं.

"नाव लावत्यात?" काकूंनी दोनदा विचारलं. "म्हंजे आईचं बी लागंल?"

"ओवी तिची असली तर तिचंच लागायला पाहिजे," आक्का म्हणाल्या.

त्या संध्याकाळी टाकाळ्याला जी बातमी पोचली, ती आक्कांची नव्हती. मागच्या बंगल्यातल्या काकू गोधड्या टांगून खोलीत एकट्याच गातात आणि दुसरी ओळ मोकळी सोडतात, अशी ती बातमी होती.

हे वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरात, शेजारी किंवा गावी ज्यांच्या तोंडी अजून ओव्या, भलरी, भोंडल्याची गाणी आहेत, त्यांच्यासमोर आज फोन ठेवा. नेट नसलं तरी चालेल, जोडायला पुढे कुणीतरी भेटतं. गाणं सुरू व्हायच्या आधी त्यांच्याच आवाजात त्यांचं नाव, गाव आणि तारीख बोलून घ्या. पुढं ते गाणं कुठंही गेलं, तरी कुणाचं आहे ते त्याच्याबरोबर जाईल.